बागतळे : बांधकामाचे साहित्य (नागपूर परिसर)

बंगल्याच्या आवारात कमळे, मासे किंवा निव्वळ गारव्यासाठी केलेले लहान तळे. नागपुरात त्याचे साहित्य ठरवते ती जमीन. शहराच्या बऱ्याच भागात भारी काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते आणि पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या मे महिन्यात भेगाळते. अशा जमिनीवर थेट बांधलेली विटांची टाकी पहिल्या एकदोन वर्षांतच कोपऱ्यात तडकू शकते. म्हणून काळी माती काढून मुरूम भरावा, पाणी मारून धुम्मस करावा आणि मगच लोखंडी जाळी घातलेले काँक्रीट किंवा फेरोसिमेंट करावे. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरून ते अल्कधर्मी होते. दोनतीनदा पाणी भरून उपसल्याखेरीज मासे सोडू नयेत.

शेततळ्यांमुळे परिचित झालेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिक कागद स्वस्त पडतो व जमिनीच्या हालचालीबरोबर थोडा वाकतो. खाली चाळलेली रेती हवीच. मुरमाचा एक अणकुचीदार खडा सगळ्यावर पाणी फिरवतो. ३ × २ मीटर लांबीरुंदीच्या, ६० सेंमी खोल तळ्याला काठाचे ३० सेंमी धरून ४.८ × ३.८ मीटर कागद लागतो. उघडी कड उन्हाने आधी जाते, ती दगडाखाली दाबावी. काठाला काळा बेसाल्ट टिकाऊ, पण दुपारी पाय भाजतो. डासांसाठी गप्पी मासे सोडतात.