हुकूम कोणता, माहिती कोणती?

वेबसाइटवर आपण नाव टाइप करतो, बटण दाबतो आणि यादी समोर येते. मागे एक छोटी स्क्रिप्ट असते. ती डेटाबेसला प्रश्न विचारते, आलेल्या ओळी एकेक करून उचलते आणि पानावर छापते. काम साधं वाटतं, पण त्यामागे इतिहास आहे.

१९६०च्या दशकात प्रोग्रामरला माहितीपर्यंतची वाट स्वतःच काढावी लागे. ही नोंद, मग तिला जोडलेली पुढची, मग तिच्या पुढची. १९७०मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलं : माहिती तक्त्यांत ठेवा आणि फक्त काय हवं ते सांगा, कसं शोधायचं ते यंत्र बघेल. त्या विचारावर डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४मध्ये ‘सीक्वेल’ ही भाषा मांडली. तीच पुढे एसक्यूएल झाली. आयबीएमच्या ‘सिस्टिम आर’ प्रकल्पात ती कोबोल प्रोग्रामच्या आत लिहिता येई. इथे एक बारकावा बघा. प्रश्न आधीच पक्का केलेला असे, बदलणारी किंमत व्हेरिएबलमधून वेगळी जाई.

१९९५मध्ये रासमुस लेरडॉर्फ यांनी पीएचपी सर्वांसाठी खुलं केलं. मायएसक्यूएलची पहिली आवृत्तीही त्याच वर्षातली. पुढे या दोघांची जोडी जमली आणि हौशी माणसंही वेबसाइट उभारू लागली. पण सोय म्हणून, समोरच्याने टाइप केलेला मजकूर थेट प्रश्नाच्या वाक्यातच चिकटवला जाऊ लागला.

आता गोव्यातले डिसोझा घ्या. रोमन लिपीत या आडनावात ‘डी’नंतर बऱ्याचदा एकेरी अवतरणचिन्ह येतं. एसक्यूएलमध्ये मजकूर त्याच चिन्हाने संपतो. म्हणजे नाव ‘डी’पाशीच संपलं आणि ‘सोझा’ हुकमात घुसलं! यंत्र गोंधळतं, थांबतं. सज्जनाच्या नावाने एवढं होतं, तर दुर्जन मुद्दाम काय लिहील? सगळ्या ग्राहकांची माहिती बाहेर काढणारा हुकूमच. १९९८मध्ये ‘फ्रॅक’ या नियतकालिकात ही पळवाट छापूनही आली.

उपाय जुनाच होता. प्रश्नात रिकामी जागा ठेवायची, मजकूर वेगळा पाठवायचा. पीएचपीने मायएसक्यूएलसाठीची जुनी फंक्शन्स काढून टाकली ती २०१५मध्ये, सातव्या आवृत्तीत. सिस्टिम आरमध्ये असलेली शिस्त वेबवर रुजायला इतकी वर्षं लागली. म्हणून कुठलीही स्क्रिप्ट तपासायला घेतलीत, तर आधी एवढंच बघा : बाहेरून आलेला मजकूर हुकमात मिसळतोय का? आणि निकाल छापताना तो पानाच्या कोडमध्ये तर मिसळत नाही ना?