वेताळाची गुहा आणि चवदार तळे

माझ्या पिढीतील कार्यकर्त्यांना कॉमिक्सविषयी गंभीरपणे बोलणे पोरकट वाटते. कविता, कथा, आत्मकथन यांच्यापलीकडे आपली चर्चा सहसा जात नाही. पण मी वाचायला शिकलो तो शाळेच्या क्रमिक पुस्तकावर नव्हे, परळच्या फूटपाथवर भाड्याने मिळणाऱ्या इंद्रजाल कॉमिक्सवर. आपल्या कोवळ्या मनावर पहिले संस्कार कुणी केले, याचा हिशेब कधीतरी मांडलाच पाहिजे. गेल्या पावसाळ्यात मुलीने जुन्या वेताळकथांचे जाड खंड, जॉन लुईस यांच्या 'मार्च'चे तीन भाग आणि 'भीमायन' अशी पुस्तके माझ्यापुढे आणून टाकली, तेव्हा तो हिशेब मांडणे भाग पडले.

टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली इंद्रजाल कॉमिक्स सुरू केले आणि ते १९९० पर्यंत चालले. ली फॉक या अमेरिकन लेखकाने १९३६ साली निर्माण केलेला फँटम आमच्याकडे वेताळ या नावाने आला. नाव ओळखीचे होते. आमच्या गावी वेशीबाहेर वेताळाचा शेंदूर फासलेला दगड होता. पण हा वेताळ गोरा. कवटीच्या गुहेत सिंहासनावर बसणारा, आणि भोवती त्याची राखण करणारे बांडार नावाचे काळे बुटके लोक. हे बांडार एके काळी गुलाम होते. पहिल्या वेताळाने त्यांना सोडवले. तेव्हापासून चारशे वर्षे, बापामागून लेक अशा एकवीस वेताळांची ते सेवा करीत आहेत. मुक्तीची ही किंमत! एकदा सोडवले म्हणून वीस पिढ्या हात जोडून उभे राहायचे. उपकारकर्ता बाहेरून येतो, गुलामाला स्वतःचा इतिहास नसतो आणि त्याच्या वाट्याला फक्त कृतज्ञता असते, हा पाठ मी दहाव्या वर्षी पाच पैसे भाडे मोजून घेतला. मी स्वतःला कोण समजत होतो? अर्थात वेताळ. बांडार व्हावे असे चाळीतल्या एकाही पोराला वाटले नाही. खेळात धाकट्या भावंडांना बांडार करीत असू.

ते साल १९७२. त्याच वर्षी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. थोरला भाऊ रात्री उशिरा सभेहून येई आणि अमेरिकेतल्या काळ्या पँथरांच्या गोष्टी वडिलांना सांगे. वडील गिरणीत बदली कामगार. ऐकता ऐकता त्यांचा डोळा लागे. मी कंदिलाच्या उजेडात वेताळ वाचीत असे. एकाच खोलीत दोन अमेरिका होत्या, आणि त्यांची एकमेकींशी गाठ आहे हे कळायला मला पन्नास वर्षे लागली.

ती गाठ अशी. १ डिसेंबर १९५५ रोजी अलाबामातील माँटगोमेरी शहरात रोझा पार्क्स यांना बसमधील जागा गोऱ्या उतारूसाठी सोडण्यास नकार दिल्याबद्दल अटक झाली. तेथील काळ्या जनतेने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. कष्टकरी बाया रोज मैलोन् मैल चालत कामावर गेल्या. बहिष्कार उठला तो २० डिसेंबर १९५६ रोजी. आपल्याकडे नागपूरचे धर्मांतर होऊन दोन महिने झाले होते आणि बाबासाहेबांना जाऊन चौदा दिवस. पुढच्याच वर्षी फेलोशिप ऑफ रिकन्सिलिएशन या शांततावादी संस्थेने 'मार्टिन ल्यूथर किंग अँड द माँटगोमेरी स्टोरी' हे सोळा पानांचे कॉमिक काढले. किंमत दहा सेंट. त्याच्या शेवटी अहिंसक प्रतिकार कसा करावा याचे धडेच दिले आहेत. तरुण जॉन लुईस यांनी ते वाचले. १९६५ साली सेल्माच्या पुलावर पोलिसांनी याच लुईसांची कवटी फोडली. पुढे ते अमेरिकेच्या लोकप्रतिनिधिगृहात गेले, आणि म्हातारपणी, २०१३ ते २०१६ या काळात, अँड्र्यू आयडिन व चित्रकार नेट पॉवेल यांच्यासोबत त्यांनी आपली कहाणी सांगितली ती कॉमिक्सच्याच रूपात. त्याच्या तिसऱ्या भागाला २०१६ चा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला.

माँटगोमेरीच्या त्या सोळा पानांवर चित्रकाराचे नाव नव्हते. अनेक वर्षांनी कळले, तो साय बॅरी. १९६१ पासून १९९४ पर्यंत वेताळ काढणारा साय बॅरी! म्हणजे माझ्या वेताळाचा हात आणि रोझा पार्क्सचा हात एकच. हे वाचले तेव्हा मी दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून पाहिली. रेषेत माणूसपण ओतण्याची कुवत त्या हातात होती. बांडारांना ते मिळाले नाही, कारण कथेने त्यांना ते देऊ केले नव्हते. दोष कुंचल्याचा नव्हे, गोष्ट कुणाच्या मालकीची आहे याचा आहे.

जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतील निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केली. ते पुस्तक जोतीराव आणि धोंडीबा यांच्या संवादाचे. श्रीविद्या नटराजन आणि अपराजिता निनान यांनी २०११ साली त्यावरून 'अ गार्डनर इन द वेस्टलँड' ही चित्रकथा केली. संवादाचे पुस्तक फुग्यांत सहज उतरते, हे खरे.

आता आपल्या घरातले. अनंत पै यांची अमर चित्र कथा १९६७ ची. देव, राजे आणि ऋषी यांची रांग बऱ्यापैकी पुढे सरकल्यावर १९७९ साली 'बाबासाहेब आंबेडकर' हा अंक आला, लेखन एस. एस. रेगे यांचे, चित्रे दिलीप कदम यांची. वडिलांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी तो अंक चौकटीवर बोट ठेवीत तीनदा पाहिला, म्हणून मी त्याला मोडीत काढणार नाही. पण त्या मालिकेचा साचाच एका थोर पुरुषाचा आहे. नायक मध्ये, लोक मागे. महाडला १९२७ च्या २० मार्चला तळ्याकडे चालत गेलेली हजारो माणसे अशा साच्यात नुसती पार्श्वभूमी होऊन बसतात.

'भीमायन'ने, हेही २०११ चे, हा साचा मोडला. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम हे परधान गोंड चित्रकार. मजकूर श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा. व्यामांनी चौकटीच नाकारल्या. माणसांना खोक्यात कोंडायचे नाही, असे त्यांचे म्हणणे. साध्या बोलण्याचा फुगा पक्ष्याच्या आकाराचा, विखारी बोलण्याच्या फुग्याला विंचवाची नांगी. महाडच्या सभेत बाबासाहेब बोलतात आणि कर्ण्यांतून पाण्याचे फवारे श्रोत्यांवर पडतात. त्या पानापाशी मी बराच वेळ थांबलो. आमच्या गावी वरून ओंजळीत पाणी ओतले जाई, हे आईने सांगितलेले आठवले. कुणाच्या तरी कृपेने पडणारी धार आणि हे फवारे यांत जो फरक आहे, तो व्यामांना कुणी शिकवला नसावा.

तरीही माझी दोन भांडणे आहेत. ज्यांनी २२ प्रतिज्ञांत राम-कृष्णाला नकार दिला, त्यांच्या चरित्राला 'रामायणा'च्या चालीवरचे नाव कशाला? त्यात उपरोध असेल. वस्तीतल्या वाचकाला तो उपरोध वाटेलच असे नाही. दुसरे, पुस्तकाचा सारा भर अपमानाच्या प्रसंगांवर: १९०१ चा मसूर ते कोरेगाव प्रवास, बडोद्याची पारशी खाणावळ, चाळीसगावचा टांगा. मजूर पक्षाचे, खोती-विरोधी लढ्याचे, 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी'चे बाबासाहेब त्यात फारसे नाहीत. आपली वेदना काढायला चित्रकार मिळतात, आपले अर्थशास्त्र काढायला मिळत नाहीत.

आणि एक काम राहिले आहे. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कच्या फूटपाथवर बाबासाहेबांच्या जीवनावरच्या चित्रमय पुस्तिका वर्षानुवर्षे विकल्या जात आहेत. कागद हलका, रंग रेषेबाहेर गेलेले, बऱ्याच जणींवर चित्रकाराचे नाव नाही. वेताळाचे खंड निघाले. या पुस्तिकांचा एकही संग्रह माझ्या पाहण्यात नाही. माझ्याजवळ चार आहेत, त्यांतल्या एकीला मुखपृष्ठ नाही. वाचकांपैकी कुणाकडे असतील तर त्या रद्दीत घालू नयेत, आणि त्या कुणी काढल्या हे सांगू शकणारे एखादे म्हातारे माणूस हयात असेल तर त्याच्याकडे आधी जावे.