पदवी आधी की कारखाना आधी?

दिवाळीत मैंदर्गीला गेले होते. रात्री जेवणं झाल्यावर मामेभावाने विचारलं, "अक्का, मास्टर्सला आत्ताच जाऊ, का आधी नोकरी करू?" तो याच वर्षी सोलापुरातून मेकॅनिकल इंजिनिअर झालाय. परदेशातल्या दोन विद्यापीठांनी प्रवेश दिलाय. एक पदवी 'टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट'ची, दुसरी 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी'ची. चाकणच्या एका कारखान्यातून नोकरीचं पत्रही आलंय. मामा गप्प बसून ऐकत होते. खर्चासाठी तुरीच्या रानाचा एक तुकडा विकायची त्यांची तयारी आहे. शेवटी एवढंच म्हणाले, "तू पीएचडी करतेस ना, मग तूच सांग."

माझा विषय तंत्रशिक्षणाचा इतिहास. तरी त्या रात्री मला नीट उत्तर देता आलं नाही. पुण्याला परतल्यावर शांतपणे विचार केला, तो इथे मांडते. तुमच्याही घरात कुणीतरी असंच पत्र हातात घेऊन बसलं असेल.

आधी नावं समजून घ्या

या दोन पदव्या एक नाहीत. 'इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी' हे नाव अमेरिकेत रुजलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात गणित आणि विज्ञान वाढलं, वर्कशॉप कमी झालं. १९५५ च्या ग्रिंटर अहवालाने या बदलाला जोर दिला. मग हाताने काम शिकवणारे अभ्यासक्रम या वेगळ्या नावाने वाढत गेले. म्हणजे ही पदवी यंत्राच्या जवळ नेणारी आहे.

'टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट'चं कूळ वेगळं. बॉस्टनच्या एमआयटीत १९१४ मध्ये 'इंजिनिअरिंग अ‍ॅडमिनिस्ट्रेशन' नावाचा अभ्यासक्रम निघाला. यंत्र कळणाऱ्याला हिशेब, माणसं आणि बाजारही कळावा, हा त्यामागचा विचार. १९२५ मध्ये तिथेच व्यवस्थापनाची मास्टर्स पदवी आली.

आपल्याकडे काय चाललं होतं?

पुण्यात १८५४ मध्ये इंजिनिअरिंगचा वर्ग सुरू झाला. आजचं सीओईपी ते हेच. उद्देश सरळ होता: रस्ते, कालवे, पूल बांधणाऱ्या सरकारी खात्यांना हाताखालचे अधिकारी हवे होते. निर्णय वरचा साहेब घेणार, अंमल यांनी करायचा. १८८७ मध्ये मुंबईत व्हीजेटीआय निघालं, गिरण्यांच्या शहरात, यंत्रं जाणणारी माणसं घडवायला. थोडक्यात, यंत्र कळणारा एक आणि कारखाना चालवणारा दुसरा, ही वाटणी आपल्या तंत्रशिक्षणात सुरुवातीपासूनच होती.

ही वाटणी बोचली ती लक्ष्मणराव किर्लोस्करांना. ते व्हीजेटीआयमध्ये शिकवायचे. बढती त्यांना न मिळता एका युरेशियन सहकाऱ्याला मिळाली. त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगावला भावाच्या सायकलच्या दुकानात आले. पुढे लोखंडी नांगर बनवला. नांगर चांगला होता, पण विकला जाईना. लोखंडाने जमिनीला विष चढतं, असं शेतकऱ्यांना वाटायचं, ही आठवण किर्लोस्करांच्या चरित्रकथेत नेहमी येते. बघा, अडचण यंत्रात नव्हती. यंत्र आणि ते वापरणारा माणूस यांच्या मधल्या जागेत होती. आज टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटच्या वर्गात हाच विषय 'तंत्रज्ञानाचा स्वीकार' या नावाने शिकवतात. लक्ष्मणराव तो बांधावर उभं राहून शिकले.

आणि आता सोलापूरची गोष्ट

त्यांचे चिरंजीव शंतनुराव यांचा जन्म १९०३ मध्ये सोलापूरचा. १९२२ मध्ये ते एमआयटीत गेले आणि १९२६ मध्ये मेकॅनिकल इंजिनिअर होऊन परतले. तारखा परत वाचा. व्यवस्थापनाची मास्टर्स पदवी १९२५ मध्ये त्याच संस्थेत, त्यांच्या डोळ्यांसमोर सुरू झाली होती. त्यांनी ती घेतली नाही. व्यवस्थापन ते किर्लोस्करवाडीत शिकले, वडिलांच्या कारखान्यात. पुढे १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली.

तुम्ही म्हणाल, त्यांच्या घरचाच कारखाना होता. अगदी बरोबर. म्हणूनच त्यांचं उदाहरण देऊन "पदवीची गरज नाही" असं मी म्हणणार नाही. ज्यांच्या बापाचा कारखाना नाही त्यांच्यासाठीच तर अशा पदव्या लागतात. माझ्या मामांकडे तुरीचं रान आहे, कारखाना नाही.

मग कधी घ्यायची?

इथे इतिहास थोडी मदत करतो. एमआयटीने १९३१ मध्ये नोकरीत मुरलेल्या इंजिनिअरांसाठी खास अभ्यासक्रम काढला. भारत सरकारने १९६३ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या मदतीने पवईला नीटी स्थापन केली, तेव्हा तिच्या नावातच 'प्रशिक्षण' होतं. उद्योगात काम करणाऱ्यांना परत वर्गात आणणं हे तिचं मोठं काम. (२०२३ पासून ती आयआयएम मुंबई झाली.) दोन्हीकडे गृहीत एकच: विद्यार्थी प्रश्न सोबत घेऊन येईल.

उलट पुरावाही सांगते. १९१४ चा तो पहिला अभ्यासक्रम बारावीच्या वयाच्या मुलांसाठीच होता. आयआयटी मुंबईने १९९५ मध्ये व्यवस्थापनाची शाळा काढली, तिथेही नुकते पास झालेले इंजिनिअर येत राहिले. म्हणजे अनुभवाशिवाय ही पदवी फुकटच जाते, असं कुणी सिद्ध केलेलं नाही.

तरी माझं मत झालंय. मशीन का बंद पडलं, हे पुस्तकात सापडतं. ते बंद पडल्यावर ऑपरेटर, सुपरवायझर आणि खरेदी विभाग एकमेकांकडे बोट का दाखवतात, हे शॉपफ्लोअरवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. आणि टेक्नॉलॉजी मॅनेजमेंटचा अर्धा अभ्यासक्रम या बोटांबद्दलच असतो. हातातलं कौशल्यच वाढवायचं असेल तर इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीला लगेच जाणं समजण्यासारखं आहे. पण पुढे सरकारी नोकरी किंवा पीएचडी करायची असेल, तर ती पदवी भारतात कशाच्या बरोबरीची धरतात हे पैसे भरण्याआधी तपासा.

हे सगळं फोनवर सांगितलं. भाऊ जरा हिरमुसला. "म्हणजे जाऊ नको म्हणतेस?"

"जा म्हणते. पण दोन वर्षं चाकणला काढ. रोज रात्री वहीत एक गोष्ट लिही, आज काय अडलं आणि कुणामुळे. मग ती वही घेऊन जा."

मामांनी फोन घेतला. रानाबद्दल काहीच बोलले नाहीत. "तूर यंदा बरी आहे," म्हणाले.