जुन्या पिकअपमधून धूर येतोय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

पहाटे भाजी भरून पिकअप मार्केट यार्डाकडे निघते आणि चढ लागताच मागे काळ्या धुराचा लोट सुटतो. गॅरेजमध्ये नेल्यावर ऐकायला मिळतं, "इंजिनचं काम निघालंय." ते खरंही असू शकतं. पण तोच धूर तुंबलेल्या एअर फिल्टरमुळेही येतो. इंजिन उघडलं की खर्च मोठा होतो, गाडी उभी राहते आणि भाडीही बुडतात.

म्हणून गॅरेजला जाण्याआधी तीन गोष्टी टिपून ठेवा: धुराचा रंग, तो नेमका कधी येतो आणि त्याचा वास कसा आहे.

इथली माहिती बीएस-४ आणि त्याआधीच्या डिझेल पिकअपसाठी आहे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ मानकांच्या डिझेल गाड्यांत साधारणपणे काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यांची तपासणी वेगळी असते.

काळा धूर: डिझेल जास्त, हवा कमी

इंजिनला पुरेशी हवा मिळाली नाही की डिझेल अर्धवट जळतं आणि काजळी बाहेर पडते. तपासणी स्वस्तापासून सुरू करा.

- एअर फिल्टर काढून पाहा. धुळीने भरला असेल तर बदला. फिल्टरशिवाय गाडी चालवू नका, आत गेलेली धूळ सिलिंडर झिजवते.
- टर्बो असेल तर त्याचे रबरी पाइप पाहा. पाइप फाटला असेल तर रेस दिल्यावर हवा सुटल्याचा आवाज येतो आणि गाडीची ताकद कमी होते.
- माल क्षमतेपेक्षा जास्त भरलाय का? चढावरच्या काळ्या धुराचं हेही कारण असू शकतं.
- हे सगळं ठीक असेल तर नोझल आणि डिझेल पंप तपासून घ्या.

पांढरा धूर: वाफ, डिझेल की पाणी?

थंडीत सकाळी सुरू केल्यावर पातळ पांढरा धूर आला आणि थोड्या वेळात थांबला, तर ती बहुतेक पाण्याची वाफ असते. काळजीचं कारण नाही.

डोळे चुरचुरतात, डिझेलचा उग्र वास येतो आणि इंजिन थरथरतं, तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. हीटर प्लग, नोझल, पंपाचं टायमिंग किंवा कमी कॉम्प्रेशन यांपैकी काहीतरी बिघडलंय.

इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर सुरूच राहिला आणि वास गोडसर असला, तर कूलंट सिलिंडरमध्ये जात असावं. हेड गॅस्केट गेलं किंवा हेडला तडा गेला की असं होतं. रेडिएटरमध्ये साधं पाणी भरलेलं असेल तर गोड वास येणार नाही, म्हणून पाण्याची पातळी पाहा. रेडिएटरचं झाकण इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडा. पाणी सतत कमी होत असेल किंवा ऑइल दुधाळ चहासारखं दिसत असेल, तर गाडी चालवू नका, टो करून न्या.

निळा धूर: ऑइल जळतंय

सपाट जागेवर गाडी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. ऑइल खुणेपेक्षा जास्त भरलं असेल तरी निळा धूर येतो.

गाडी बराच वेळ उभी राहिल्यावर सुरू करताना किंवा उतार संपून रेस देताना धुराचा एकच झोत येत असेल, तर व्हॉल्व्ह सीलवर संशय घ्या. लोडवर सतत येत असेल, तर पिस्टन रिंग किंवा टर्बोवर. इंजिन चालू असताना ऑइल भरायच्या झाकणातून जोरात धूर येत असेल, तर मेकॅनिक त्याला "बॅक कॉम्प्रेशन" म्हणतात. पण आधी ब्रीदर पाइप तुंबलेला नाही ना, हे पाहा.

टर्बोचं सील गेलं असेल तर दुर्लक्ष करू नका. ऑइल थेट इंजिनमध्ये ओढलं जाऊन, चावी बंद केल्यावरही इंजिन आपोआप रेस घेत राहू शकतं.

पीयूसी काय सांगते?

पीयूसीत डिझेल गाडीच्या धुराची दाटी मोजली जाते. मर्यादा बीएस-४ साठी ५० आणि त्याआधीच्या गाड्यांसाठी ६५ हार्ट्रिज युनिट आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात प्रदूषणाच्या नियमभंगासाठी १० हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. मात्र आकडा वाढलेला दिसला तरी बिघाड कुठे आहे, हे पीयूसी सांगत नाही.

गॅरेजमध्ये काय सांगाल?

फक्त "धूर येतोय" म्हणू नका. "इंजिन तापल्यावर, चढावर, निळा धूर येतो. महिन्यात इतकं ऑइल कमी झालं," असं सांगा. रिंग किंवा हेडचं काम सुचवलं, तर इंजिन उघडण्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट करायला सांगा. नोझल बदलायचे असतील, तर आधी मशीनवर तपासून घ्या. बदललेले जुने पार्ट परत मागा.