जिनसेंग: एकदाच पिकणारी जमीन

मांचुरियातील जिनसेंगचे वर्णन करणारे पत्र जेझुइट पाद्री पिएर जार्तू याने १७११ साली युरोपास धाडले. ही वनस्पती अन्यत्र सापडलीच तर कॅनडात सापडेल, असा तर्कही त्याने त्यात केला होता. तो तर्क अचूक ठरला. १७१६ मध्ये मॉन्ट्रियलजवळ जोसेफ लाफितो याने मोहॉक लोकांच्या साहाय्याने तिचे अमेरिकी भावंड शोधून काढले.

पुढे रानेच्या राने उकरली गेली. १७८४ मध्ये ‘एम्प्रेस ऑफ चायना’ हे जहाज न्यूयॉर्कहून कँटनला निघाले, तेव्हा त्यात सुमारे ३० टन जिनसेंग होते. रानातली मुळी विरळ होत गेल्यावर १८८० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यात जॉर्ज स्टँटनने तिची लागवड आरंभली. १९०४ पासून विस्कॉन्सिनच्या मॅरॅथॉन काउंटीत फ्रॉम बंधू त्याच वाटेने गेले.

खरी कथा इथून सुरू होते. रानात विखरून, झाडांच्या सावलीत वाढणारे हे रोप आता लाकडी पट्ट्यांच्या मांडवाखाली दाटीवाटीने उभे राहिले. प्रथम पानांवर करपा आला. त्यावर बोर्डो मिश्रणाचा उतारा मिळाला. मुळांच्या रोगावर मात्र तसा उतारा नव्हता. तीन-चार वर्षे जोपासलेले पीक खणावे, तर मुळाच्या जागी काळवंडलेले अवशेष तेवढे हाती लागत.

१९३५ मध्ये या बुरशीला ‘मॉर्स-पॅनॅसिस’ हे नाव मिळाले. जिनसेंगच्या ‘पॅनाक्स’ या शास्त्रीय नावात ‘सर्वरोगहारी’ हा ग्रीक अर्थ आहे. बुरशीच्या नावाचा अर्थ ‘पॅनाक्सचा मृत्यू’. शास्त्रीय नामकरणात इतका क्रूर विनोद विरळाच!

या बुरशीचे जाड कवचाचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. शिवाय जिनसेंगच्या मुळांतून पाझरणारी सॅपोनिन द्रव्ये काही रोगकारकांची वाढ उलट वाढवतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. मराठी शेतकरी आधीच्या पिकाच्या ज्या परिणामाला ‘बेवड’ म्हणतो, त्याचे हे भीषण रूप होय: जिनसेंगला जिनसेंगचाच बेवड मानवत नाही. एकदा पीक घेतलेल्या शेतात काही दशकांनी लावलेली रोपेही कुजतात. त्यामुळे विस्कॉन्सिनचा शेतकरी दर खेपेस कोरी जमीन शोधतो.

कोरियात चढावरील शेताला दहा-पंधरा वर्षांची विश्रांती देतात. भातखाचरात मात्र ही मुदत कमी असते. साचलेल्या पाण्यात बुरशी गुदमरते.