जुनं घर घेताय? पाहणीत दोष निघाले तर किंमत कशी कमी करून घ्यायची. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकरांसाठी माहिती

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर : मुरबाड, कर्जत, शहापूरकडच्या गावांतून नोकरीसाठी, मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर घ्यायचं म्हटलं की बहुतेकांच्या खिशाला ही तीन शहरंच परवडतात. नवीन इमारतीतला भाव झेपत नाही म्हणून अनेक जण रिसेलचा, म्हणजे जुना फ्लॅट पाहतात. एजंट दोन-तीन घरं दाखवतो, एक पसंत पडतं आणि 'दुसरं गिऱ्हाईक उभं आहे' म्हणून त्याच दिवशी टोकन दिलं जातं. ताबा घेतल्यावर पहिल्या पावसात छत गळायला लागतं.

घर विकत घेण्याआधी जाणकाराकडून त्याची तपासणी करून घेण्याची पद्धत आपल्याकडे फारशी रुजलेली नाही. ती करून घेतली तर दोन फायदे होतात. किंमत कमी करायला ठोस कारण मिळतं, आणि कोणतं घर कितीही स्वस्त मिळालं तरी घ्यायचं नाही, हेही कळतं.

या भागात पाहणी का हवीच?

मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. १५ मे रोजी कॅम्प १ मधल्या मोहिनी पॅलेसचा आणि २८ मे रोजी रात्री कॅम्प २, नेहरू चौक परिसरातल्या साईशक्ती इमारतीचा. साईशक्तीत वरच्या मजल्याचा स्लॅब खालच्या घरांवर आला आणि ७ जणांचा जीव गेला. नव्वदच्या दशकात निकृष्ट रेती वापरून घाईघाईने उभ्या राहिलेल्या इमारतींचा प्रश्न त्यानंतर ऐरणीवर आला आणि महापालिकेने जुन्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिटच्या नोटिसा दिल्या.

उल्हासनगरात कागदांचाही प्रश्न आहे. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांच्या छावणीचं १९४९ मध्ये उल्हासनगर झालं. बराकींवर मजले चढत गेले आणि परवानगी नसलेल्या इमारती इतक्या वाढल्या की त्या नियमित करण्यासाठी राज्याला २००६ मध्ये खास या शहरासाठी कायदा करावा लागला.

बदलापूरचा धोका वेगळा. २६ जुलै २००५ च्या प्रलयात उल्हास नदीचं पाणी वस्तीत शिरलं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला. अंबरनाथ आणि उल्हासनगरमधून वाहणाऱ्या वालधुनी नदीकाठच्या वस्त्यांनाही पुराचा अनुभव आहे.

पाहणी कोणाकडून आणि कधी?

टोकन देण्याआधी, किंवा अगदी थोडं टोकन देऊन लगेच. नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअर किंवा अनुभवी सिव्हिल इंजिनीअर आपण स्वतः निवडावा. एजंटने किंवा मालकाने सुचवलेला नको. फी आधी ठरवावी आणि अहवाल फोटोसह लेखी मागावा. 'बघितलं, ठीक आहे' हे तोंडी उत्तर भाव करताना कामाला येत नाही.

इंजिनीअरने निदान एवढं पाहावं :

- छत, बीम, कॉलमवरचे तडे, सुटलेलं प्लास्टर, उघड्या पडलेल्या गंजक्या सळ्या
- बाथरूम, संडासातली गळती. खालच्या मजल्यावरच्याचं छत ओलं आहे का
- शेवटचा मजला असेल तर गच्चीचं वॉटरप्रूफिंग
- जुनी वायरिंग, पाण्याचे आणि ड्रेनेजचे पाइप
- आत काढलेली भिंत, बाल्कनी खोलीत घेतलेली, वर चढवलेला पोटमाळा
- तळमजल्याला भिंतीवरच्या पुराच्या खुणा

शंका असेल तर हातोड्याने ठोकून करायची हॅमर टेस्ट किंवा काँक्रीटचा तुकडा काढून करायची कोअर टेस्ट सुचवली जाते. कोअर टेस्टला मालकाची आणि सोसायटीची परवानगी लागते.

घर पावसाळ्यात एकदा पाहिलेलं चांगलं. फेब्रुवारीत नवा रंग मारलेल्या घरात ओल दिसत नाही. ताज्या रंगाचा वास येत असेल तर खालच्या आणि शेजारच्या बिऱ्हाडात विचारावं. ती माणसं खरं सांगतात.

निघालेल्या दोषांचे चार ढीग करा

सगळ्या दोषांची एकच यादी करून 'एवढे कमी करा' म्हटलं की बोलणी फिसकटतात. दोष असे वेगळे करावेत :

१. घरातले दोष. बाथरूमची गळती, वायरिंग, फुगलेले दरवाजे. पैशाने दुरुस्त होतात. दोन मिस्त्रींकडून लेखी अंदाज घ्यायचा आणि तेवढी रक्कम मागायची.

२. इमारतीचे दोष. कॉलमला तडे, गच्ची गळते, पाण्याची टाकी खराब. हा खर्च सोसायटी सगळ्यांकडून गोळा करते. दुरुस्तीचा ठराव झालाय का, प्रत्येकी किती येणार, किती भरलेत, हे सोसायटीकडून लेखी घ्यायचं. आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षं जुन्या इमारतीचं ५ वर्षांतून एकदा आणि ३० वर्षांवरच्या इमारतीचं ३ वर्षांतून एकदा ऑडिट व्हायला हवं. उल्हासनगरसारख्या महापालिका हद्दीत ३० वर्षांनंतर इमारत सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र कायद्यानेच लागतं. हा अहवाल मागणं हा खरेदीदाराचा आगाऊपणा नाही.

३. कागदांचे दोष. मंजूर नकाशा नाही, भोगवटा दाखला म्हणजे ओसी नाही, आधीचे व्यवहार फक्त नोटरीवर झालेत, थकबाकी आहे. थकबाकी पैशाने सुटते. परवानगीच नसेल तर भाव कमी करून ती येत नाही. महारेरा नंबर दाखवला म्हणूनही निर्धास्त राहू नये. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर महारेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडायचा आदेश हायकोर्टाने २०२४ मध्ये दिला. नकाशाची खात्री थेट पालिकेच्या नगररचना विभागात करावी. गावठाणातलं घर असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना ८ पुरेसा नाही, जमिनीची कागदपत्रंही पाहावीत.

४. न बदलणारे दोष. जागा पूररेषेत असणं. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानतात. निळ्या रेषेच्या आत नव्या बांधकामाला मनाई असल्याने पुढे पुनर्विकास अडकू शकतो.

कुठे भाव करायचा नाही?

पालिका धोकादायक इमारतींचे गट करते. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती करायची. सी-२बी म्हणजे न हलता दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. सी-२बी आणि सी-३ मध्ये किंमतीची बोलणी होऊ शकतात. सी-१ आणि सी-२ए मध्ये 'पाच लाख कमी घेतो' म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघावं. स्वस्त मिळालं म्हणून स्लॅब मजबूत होत नाही. परवानगी नसलेल्या इमारतीचंही तेच.

हिशेब कसा मांडायचा?

खालचे आकडे फक्त समजण्यापुरते आहेत. समजा मालकाची मागणी २८ लाखांची आहे. पाहणीत घरातल्या दुरुस्तीचा अंदाज १ लाख ७० हजार निघाला. सोसायटीने ठरवलेल्या दुरुस्तीत या घराचा वाटा दीड लाख आहे. मेंटेनन्सची थकबाकी २२ हजार आहे.

- थकबाकी : यावर घासाघीस नाही. मालकाने भरून सोसायटीचा ना-देय दाखला आणायचा.
- घरातली दुरुस्ती : पूर्ण १ लाख ७० हजार किंमतीतून वजा मागायचे.
- इमारतीची दुरुस्ती : मालक म्हणेल, 'दुरुस्त इमारतीत तर तुम्हीच राहणार.' त्यात तथ्य आहे. निम्म्यावर, म्हणजे ७५ हजारांवर तडजोड रास्त.

म्हणजे किंमत २५ लाख ५५ हजारांवर येते. मालक म्हणतो, 'इमारत जुनी म्हणून भाव आधीच कमी लावलाय.' मग त्याच इमारतीतल्या, आसपासच्या घरांचे नोंदणी झालेले भाव पाहावेत. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर इंडेक्स टू पाहता येतो. एजंटच्या सांगण्यापेक्षा तो आकडा भक्कम.

बँकेचा मूल्यांककही मदतीला येतो. करारातली किंमत आणि बँकेने काढलेलं मूल्य यातलं जे कमी, त्यावर बँक साधारणपणे कर्ज धरते. बँकेने मूल्य कमी काढलं तर फरक खिशातून भरावा लागतो. तेव्हा 'बँकच एवढं मानते' हे मालकाला दाखवता येतं.

किंमत उतरली तरी मुद्रांक शुल्क उतरेलच असं नाही

मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यातल्या जास्त रकमेवर लागतं. वरच्या उदाहरणात रेकनरचं मूल्य साडेसव्वीस लाख असेल तर शुल्क साडेसव्वीस लाखांवरच भरावं लागेल. किंमत रेकनरपेक्षा बरीच कमी असेल, म्हणजे फरक ५० हजार आणि किंमतीच्या १० टक्के या दोन्हींपेक्षा जास्त असेल, तर तो फरक खरेदीदाराचं उत्पन्न धरून आयकर लागू शकतो. या उदाहरणात फरक ९५ हजारांचा, म्हणजे १० टक्क्यांच्या आत आहे, त्यामुळे अडचण नाही. फरक मोठा असेल तर करारापूर्वी सीएचा सल्ला घ्यावा. इंजिनीअरचा अहवाल तेव्हाही पुरावा म्हणून लागतो.

ठरलेलं कागदावर आणा

- टोकन चेकने किंवा ऑनलाइन द्यावं. घराच्या व्यवहारात २० हजार किंवा त्यावर रोख घेण्यास आयकर कायद्याने मनाई आहे.
- इसार पावतीत लिहून घ्यावं : 'इंजिनीअरच्या अहवालात मोठा दोष निघाला, कागदपत्रं सदोष निघाली किंवा बँकेने कर्ज नाकारलं तर टोकन इतक्या दिवसांत परत.'
- मालक स्वतः दुरुस्ती करून देणार असेल तर काम, तारीख लिहावी आणि काही रक्कम ताब्यापर्यंत राखून ठेवावी. त्यापेक्षा किंमत कमी करून काम आपण करून घेणं बरं. विकायला काढलेल्या घरात दुरुस्ती वरवरचीच होते.
- इमारतीच्या आगामी दुरुस्तीचा खर्च कोणाचा, हे साठेकरारात स्पष्ट हवं.

विकणाऱ्याने काय करावं?

मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार विकणाऱ्याला माहीत असलेला, पण खरेदीदाराला साध्या तपासणीत न दिसणारा मोठा दोष सांगणं बंधनकारक आहे. लपवलं आणि नंतर उघड झालं तर कोर्टाची पायरी चढावी लागू शकते. त्यापेक्षा आधीच गळती दुरुस्त करावी, बिलं जपून ठेवावीत, ऑडिटची प्रत सोबत ठेवावी. अशा घराचा भाव पाडणं खरेदीदाराला जड जातं. खरेदीदाराने यादी आणली तर रागावण्यापेक्षा अंदाजपत्रक मागावं आणि दुसऱ्या मिस्त्रीकडून पडताळून घ्यावं.

इमारत रेरा नोंदणीकृत असेल आणि ताब्याला ५ वर्षं झाली नसतील, तर बांधकामातले दोष बिल्डरने ३० दिवसांत विनाखर्च दुरुस्त करायचे असतात. हा हक्क रिसेलमध्ये घर घेणाऱ्यालाही मिळतो. तेव्हा आधी बिल्डरकडे लेखी तक्रार करावी, मग किंमतीचं बोलावं.

टोकन देण्याआधी हातात हवेत : इंजिनीअरचा लेखी अहवाल, दुरुस्तीचे दोन अंदाज, सोसायटीचं ऑडिट आणि थकबाकीचं पत्र, मंजूर नकाशा आणि ओसी, पूररेषेची खात्री, आसपासच्या व्यवहारांचे इंडेक्स टू. यातलं काही मिळत नसेल आणि मालक किंवा एजंट 'आजच ठरवा' म्हणत असेल, तर टोकन देऊ नये.