सिझेरियनची भीती आणि टाक्यांचं दुखणं: एक जुना प्रयोग

“डॉक्टर, खूप दुखेल का हो?” सिझेरियनच्या आदल्या दिवशी हा प्रश्न हमखास येतो. मी उत्तर देण्याआधीच घरचे म्हणतात, “काही होत नाही गं!” हेतू चांगला, पण त्याने भीती जात नाही.

भीतीने शरीर आखडतं आणि आखडलं की जास्त दुखतं, हे इंग्लंडच्या डॉ. ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ साली नैसर्गिक बाळंतपणाबद्दल मांडलं. ते बरंचसं अनुभवाचं बोलणं होतं. शस्त्रक्रियेत ते मोजलं बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले भूलतज्ज्ञ डॉ. लॉरेन्स एगबर्ट आणि सहकाऱ्यांनी. पोटाच्या शस्त्रक्रियेचे ९७ रुग्ण. त्यांतल्या साधारण निम्म्यांना आदल्या संध्याकाळी नीट सांगितलं, की कुठे दुखेल, किती दिवस, का दुखतं, कुशीवर कसं वळायचं. बाकीच्यांना दुखण्याबद्दल काहीच सांगितलं नाही. कोणाला सांगितलंय हे सर्जनना माहीत नव्हतं. १९६४ मध्ये निकाल छापून आला: सांगितलेल्यांना वेदनाशामक औषध जवळपास निम्मंच लागलं, घरीही ते लवकर गेले.

सिझेरियनला तर बहुतेकदा पाठीतून भूल देतात, म्हणजे आई जागी असते. बाळ काढताना दाबल्यासारखं, ओढल्यासारखं जाणवतं. हे आधी माहीत नसेल तर भूल उतरली की काय, असं वाटून ती घाबरते. म्हणून भूलतज्ज्ञांना आधीच भेटा, सगळं विचारा. आणि नंतर दुखलं तर औषध मागायला लाजू नका. एगबर्ट यांच्या त्या रुग्णांनाही औषध लागलंच होतं, फक्त कमी.